वजन नॉर्मल असूनही पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन बिघडून पाळी लांबवणारा त्रास) असू शकतो का? लक्षणं कशी ओळखायची?

असू शकतो. तुझं उत्तर इथेच संपलं खरं तर, पण मला अजून बोलायचंय. वय २३ लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस.

तू लिहिलंयस की पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस येतात, पण घरचे म्हणतात तू एवढी बारीक, तुला कुठला पीसीओएस, तो जाड मुलींना होतो. हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आलेय. ऐकवणारी माझी सख्खी आत्या. नर्सिंग केलेली, त्यामुळे आमच्या घरात तब्येतीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. डॉक्टरांनी काही सांगितलं तरी घरी आल्यावर "एकदा आत्याला विचार" होतंच.

माझी पाळी कधी महिन्यावर आलीच नाही. कधी दीड महिना, कधी अडीच, आणि एवढ्या गॅपनंतर आली की अंगावरून इतकं जायचं की घराबाहेर पडायची भीती. आई आत्याला फोन करायची, आत्या म्हणायची अगं अभ्यासाचं टेन्शन, दुसरं काय. परीक्षा संपली, सुट्टी लागली, पाळी तशीच. मग म्हणे नीट जेवत नाही. मग म्हणे झोपत नाही. आणि हनुवटीवरचे केस? "आपल्या घराण्यातल्या बायका केसाळच, मला नाहीत का?" हे ती मोठ्या अभिमानाने सांगायची. माझा पहिला प्लकर मला आत्यानेच दिलाय, तोही कसा धरायचा, केस मुळाशी कसा पकडायचा हे आरशासमोर उभं राहून शिकवत. प्रेमानेच, ते नाकारत नाही.

मानेचंही असंच. माझी मान मागून काळपट, जरा जाडसर, मखमलीसारखी लागायची हाताला. काखेतही तेच. आत्या चारचौघांत म्हणायची, "मान घासत जा गं जरा." मी घासायची. घासून घासून लाल व्हायची, आग व्हायची, रंग काही जायचा नाही. केस मोकळे सोडायची सवय तिथून लागली, लोक म्हणायचे काय छान वाटतात मोकळे केस.

मधे एकदा गायनॅककडे गेलोही. वजन काट्यावर बघितलं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढला, म्हणाल्या अगदी परफेक्ट आहे, काळजीचं काही नाही, सोनोग्राफी करून घ्या पाहिजे तर. सोनोग्राफी पोटावरून झाली, रिपोर्ट नॉर्मल. पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, पाळी आली, सगळे खूश. रक्ताची एकही टेस्ट सांगितली नाही आणि केसांबद्दल विचारलं नाही. आता विचारणार तरी कसं, मी आदल्या दिवशी थ्रेडिंग करून चेहरा गुळगुळीत करून गेलेले. कुठली मुलगी डॉक्टरकडे हनुवटीवर खुंट ठेवून जाते? जे लक्षण डॉक्टरला दिसायला हवं तेच आपण घरून पुसून जातो, आणि डॉक्टर विचारत नाहीत कारण त्यांना दिसत नाही. म्हणून तुला सांगते, अपॉइंटमेंटच्या आधी आठवडाभर तरी तोंडाला हात लावू नकोस. लाज वाटेल, वाटू दे. किंवा फोटो काढून ठेव.

मला पकडलं शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी. मी पिंपल्ससाठी गेलेले, जबड्याच्या कडेने आणि हनुवटीखाली मोठे, दुखणारे, आतल्या आत राहणारे पिंपल्स, जे विशीनंतर जायला पाहिजे होते आणि उलट वाढत होते. त्या बाईंनी हनुवटीखालून एक बोट फिरवलं फक्त. मग मानेवरचे केस बाजूला केले. आणि विचारलं, "पाळी कशी येते?" मी म्हटलं मॅडम पिंपल्सचा आणि पाळीचा काय संबंध. त्या म्हणाल्या आहे, आणि मानेवर आहे तो मळ नाहीये, तो घासू नका. मी तिथे खुर्चीत बसून रडले, पिंपल्ससाठी गेलेली मुलगी रडतेय म्हणून बाहेर बसलेली आई घाबरली.

आता जो संबंध त्यांनी सांगितला तो असा. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर आवरणारं हार्मोन. शरीर त्याला नीट दाद देत नसलं की शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. हे जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि लिव्हरमध्ये बनणारं एक प्रोटीन, एसएचबीजी, जे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं, ते कमी करतं. म्हणजे बनतंही जास्त आणि मोकळं फिरतंही जास्त. त्यातून राठ केस, पिंपल्स, डोक्यावरचा भांग रुंद होत जाणं. आणि ओव्हरीतली बीजं अर्धवट वाढून थांबतात, एकही पूर्ण होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. मानेचा काळेपणा हा त्या जास्तीच्या इन्सुलिनचाच त्वचेवरचा परिणाम, त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात, मानेवर बारीक लोंबणारे मसही त्यातूनच येतात. जाड माणसांत हे जास्त दिसतं हे खरं. पण बारीक असणं म्हणजे इन्सुलिनचा प्रश्न नसणं हे कुणी ठरवलं?

माझ्या टेस्ट झाल्या. उपाशीपोटीची साखर नॉर्मल. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतली ती १४० च्या वर, म्हणजे प्रीडायबेटिसमध्ये, डायबेटिसच्या उंबरठ्यावर. बारीक मुलीची. नुसती उपाशीपोटीची बघून सोडलं असतं तर तेही कळलं नसतं, म्हणून तू करशील तेव्हा ही दोन तासांची मागून घे, ओशाळू नकोस. टोटल टेस्टोस्टेरॉन लिमिटच्या काठावर आणि एसएचबीजी कमी, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन जास्त. फक्त टोटल बघून "नॉर्मल आहे" म्हणणारे खूप भेटतील.

रिपोर्ट घेऊन मी आत्याकडे गेले. उगाच गेले म्हण, जिंकायला गेले म्हण. तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, आता प्रत्येकीला काहीतरी नाव चिकटवतात." यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता आहे. आत्या, १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांच्या केसेस लिहिल्या होत्या, पाळी न येणं, अंगावर केस, ओव्हरी मोठ्या. म्हणजे हे तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तुझ्या वेळी तपासत नव्हते एवढंच.

आणि दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागतो. "घराण्यातच आहे" हे ती आजार नसल्याचा पुरावा म्हणून वापरायची. अगं पण पीसीओएस घराण्यातच असतो! आई, बहीण, आत्या, मावशी यांच्यापैकी कुणाला असेल किंवा घरात टाइप २ डायबेटिस असेल तर शक्यता वाढते, म्हणून तर डॉक्टर घरची हिस्ट्री विचारतात. माझ्या आत्याला चाळिशीच्या आधी साखर निघाली. हनुवटीवर केस आयुष्यभर. आणि पाळीबद्दल ती स्वतःच हसत सांगते की वर्षातून चार-पाचदाच यायची, "किती सोय होती". मूल व्हायला किती वर्षं गेली ते सगळ्यांना माहितीय पण त्याबद्दल घरात बोलत नाहीत. मी डॉक्टर नाही, तिचं निदान मी करणार नाही, पण दोन अधिक दोन करायला डॉक्टर व्हावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या दहातल्या एकीला तरी हे आहे आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना पत्ताच नाही. त्यातली एक आमच्या घरात बसून दुसरीला सांगत होती की तुला नाहीये.

बरं, तुझा प्रश्न. लक्षणं कशी ओळखायची.

निदानाचे निकष २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी बसून ठरवले, आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही थोडेफार बदल करून तेच आहेत. तीनपैकी दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हणजे पाळी अनियमित, तीही मनाला वाटली म्हणून नाही, दोन पाळ्यांमधलं अंतर ३५ दिवसांपेक्षा जास्त किंवा २१ पेक्षा कमी, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. दुसरी म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण, अंगावर दिसणारी किंवा रक्तात सापडणारी, दोन्हीपैकी एक चालते. तिसरी म्हणजे सोनोग्राफीत ओव्हरीमध्ये अर्धवट वाढलेले बीजकोश खूप दिसणं, किंवा आता मोठ्या बायकांमध्ये त्याऐवजी एएमएच नावाची रक्ताची टेस्ट जास्त येणं. यात वजन कुठे आहे? परत वाच. नाहीये. वजन जास्त असलं तर त्रास वाढतो, पण ते निकषात नाहीच. हे मी आत्याला छापून देणार होते एकदा.

आणि तीनपैकी दोन म्हणजे पाळी लांबतेय आणि राठ केस आहेत एवढ्यावरसुद्धा, बाकीची कारणं काढून टाकल्यावर, निदान होऊ शकतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून पीसीओएस नाही असं होत नाही (माझं तेच झालं होतं), आणि सोनोग्राफीत "पीसीओ" (पॉलिसिस्टिक ओव्हरी, नुसतं ओव्हरीचं दिसणं) लिहून आलं म्हणून आहेच असंही नाही, ठणठणीत मुलींच्या ओव्हरीतही तसं दिसतं. त्यात दिसतात त्या गाठीबिठी नसतात, वाढ थांबलेल्या बीजकोशांची रांग असते, ऑपरेशन करून काढायचं तिथे काही नसतं. उगाच गाठ गाठ करून रडू नकोस.

केसांचं नीट सांगते कारण यात सगळ्यांचा गोंधळ होतो. हाताच्या कोपराखाली आणि पायाच्या गुडघ्याखाली किती केस आहेत ते यात मोजत नाहीत. ओठावर, हनुवटीवर, छातीवर मधोमध, बेंबीच्या वर आणि खाली, पाठीवर वर आणि कमरेपाशी, दंडावर, मांडीवर, असे नऊ भाग बघतात आणि प्रत्येकाला शून्य ते चार मार्क देतात, फेरिमन-गॉलवे स्कोअर म्हणतात त्याला. लव वेगळी, राठ काळा केस वेगळा. बेरीज ४ ते ६ च्या वर गेली तर जास्त धरतात, वंशाप्रमाणे फरक पडतो. हनुवटीवर जाड केस येतोय आणि उपटल्यावर परत येतोय, एवढं असलं तरी डॉक्टरला सांगायला पुरेसं आहे, तू घरी बसून मार्क देत बसू नकोस.

थकवा, मूड, डिप्रेशन, घोरणं, झोप नीट न होणं हेही बरोबर येतं, पण ते शंभर कारणांनी येतं, त्यावरून ओळखता येत नाही. मात्र आलं तर सांग डॉक्टरला, माझ्याकडे ते कुणी विचारलंच नव्हतं.

बाकीची कारणं काढून टाकायची म्हणजे टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी या टेस्ट. थायरॉईडने पाळी लांबते, प्रोलॅक्टिन वाढलं तरी लांबते, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात प्रकार आहे जो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो, तो तिसऱ्या टेस्टमध्ये कळतो. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर आधी ती टेस्ट, हे सांगायला नको. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट फसवा येतो, साधारण तीन महिने बंद ठेवून करतात, पण स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, विचारून कर.

एक गोष्ट आत्याच्या भांडणात राहून गेली आणि ती तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. बारीक मुलीची पाळी लांबण्याचं दुसरंही कारण असतं, खूप कमी खाणं, खूप व्यायाम, किंवा झपाट्याने वजन उतरवणं. तेव्हा मेंदूच ओव्हरीला सिग्नल पाठवणं कमी करतो. आणि गंमत म्हणजे अशा मुलींच्या सोनोग्राफीतही पीसीओसारखं दिसू शकतं. त्यांना पीसीओएस म्हणून अजून वजन कमी करायला सांगितलं तर वाटोळंच. तुला हनुवटीवर केस आहेत म्हणजे तुझं तसं नसावं, पण डाएट वगैरे करत असशील तर खरं सांग डॉक्टरला. आणि केस काही महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर ही सगळी चर्चा सोड आणि लगेच जा, ते वेगळं असू शकतं. पीसीओएस हळूहळू येतो.

"मूल झालं की सगळं ठीक होतं" असं तुलाही कुणीतरी सांगणारच. इन्सुलिनचा प्रश्न बाळंतपणाने जात नाही. आणि उलटं टोक, "तुला मूल होणार नाही", हेही खोटं. बहुतेकींना होतं, काहींना बीज तयार व्हायला लेट्रोझोलसारख्या गोळ्या लागतात. आणि पाळी लांबते म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नकोस, बीज कधी सुटेल सांगता येत नाही.

मुद्दाम भीती घालायची नाही, पण "येत नाही तर बरंच आहे, कटकट नाही" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. बीज सुटत नाही तेव्हा अस्तराची वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर पुढे त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुझ्या वयात तो धोका अगदी थोडा आहे, पण म्हणूनच तीन महिन्यांच्या वर पाळी गेली तर गोळ्या देऊन ती आणतात. त्या गोळ्यांनी आलेलं रक्त म्हणजे आजार गेला असं नाही. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

उपचारांचं मी जास्त लिहिणार नाही, मला मेटफॉर्मिन (इन्सुलिनला शरीर नीट दाद देईल असं औषध) आणि हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या, तुला वेगळं मिळेल. पिंपल्स गेले, पाळी लायनीवर आली, मान बरीच उजळली न घासता. केसांचं मात्र खरं सांगते, औषधाने नवीन यायचे कमी होतात आणि त्यालाही निदान सहा महिने लागतात, जे आधीच राठ झालेत ते गोळीने जात नाहीत, त्यांना लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस (सुईतून करंट देऊन एकेका केसाचं मूळ मारणं). आणि ते "हार्मोन बॅलन्स" करणारे पावडरवाले, सात दिवसांत पाळी नियमित वगैरे, त्यांना ब्लॉक कर. कॉमेंटमध्ये मला डाएट प्लॅन विचारू नका कुणी.

आता एक आत्याच्या बाजूने लिहायला लागतंय, जिवावर येतंय पण लिहिते. माझी आतेबहीण १७ वर्षांची आहे, पाळी दोन-दोन महिन्यांनी, पिंपल्स, आत्या म्हणते वयात येताना होतंच असं, सोनोग्राफी नको. सोनोग्राफीचं तिचं बरोबर आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून किंवा एएमएचवरून पीसीओएस ठरवत नाहीत, त्या वयात ओव्हरी तशाच दिसतात, आणि पाळीचं पहिलं वर्ष तर अनियमित चालतंच. पण पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की मोठ्या बायकांचाच हिशोब लागतो, आणि तिला पाच झालीत. टीएसएच, टेस्टोस्टेरॉन, साखर यांना सोनोग्राफी लागत नाही गं आत्या, एका सुईचं काम आहे.

तर तू. मागच्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा आठवतील तशा लिहून काढ, घरात कुणाकुणाला साखर आहे, कुणाची पाळी कशी होती ते आईला खोदून विचार, मानेचा आणि हनुवटीचा फोटो काढ. गायनॅकने वजन बघूनच परत पाठवलं तर दुसऱ्या गायनॅककडे, किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. सकाळची वेळ घे, ग्लुकोजची टेस्ट उपाशीपोटी असते आणि दोन तास बसावं लागतं.